कातळावर जायचं नाही

माझ्या वहिनीला आमच्याकडे सगळे ‘सूचना’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. आम्ही समुद्रकाठी खोल्या भाड्याने देतो. पाहुण्यांनी बॅगा खाली ठेवल्या न ठेवल्या तोच तिची गाडी सुरू होते. वाळूचे पाय घेऊन जिना चढू नका, नळ बाहेर आहे. पोहायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे. दुपारी खिडकी लावून घ्या, नाहीतर गादी दमट होईल आणि मग मलाच म्हणाल. मासे हवेत तर सकाळी धक्क्यावर जा, बाजारात कालचे असतात. छत्री भाड्याने घेऊ नका, आमची न्या, तिची एक काडी मोडलीय पण उन्हाला काय कळतंय. लोक हसतात. हसलेला माणूस ऐकतो, असं तिचं म्हणणं.

मी तिची नणंद. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहते, पाहुण्यांच्या चादरी धुते, नाश्त्याचं बघते आणि सगळ्यांना फाडफाड बोलते. वहिनीनं मला इतकी वर्षं कसं झेललं, तिचं तिला ठाऊक.

तिच्या सूचनांत पूर्वी एक जागा सगळ्यांत आधी यायची. झेंड्यांच्या पलीकडचा चपटा कातळ. ओहोटीला तिथवर पायी जाता येतं. खळग्यांमध्ये तारामासे, खेकडे, बोटभर मासोळ्या, पोरं वेडी होतात. पण भरतीचं पाणी तिथे आधी मागून येतं, किनारा आणि कातळ यांच्यामधल्या घळीत. नवखा माणूस समोरच्या लाटांकडे बघत बसतो आणि मागची वाट केव्हाच गेलेली असते. म्हणून वहिनी पाहुण्यांबरोबर चिंगीला पाठवायची. चिंगी तिची मुलगी, एकुलती एक. नीट चालता येत नव्हतं तेव्हापासून त्या कातळावर बागडलेली. “आमची चिंगी बरोबर असली की घोर नाही,” वहिनी म्हणायची.

त्या दिवशीही चिंगीनं सगळ्यांना वेळेवर परत आणलं. घळ ओलांडून झाल्यावर पाहुण्यांच्या लेकीच्या लक्षात आलं की आपली एक चप्पल कातळावरच राहिली. नवी कोरी चप्पल. पोरीनं भोकाड पसरलं. चिंगी म्हणाली, थांब, आणते. तिला कोणी अडवलं नाही, कारण वाट माहीत असलेली तीच होती.

ती मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेली. वहिनीच्या समोरसुद्धा आली नाहीत. मला अजून त्यांचा राग येतो आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमच्याकडे खोल्या भाड्याने देणाऱ्यांचा एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. सीझनमध्ये बुडालेल्या माणसाचा विषय पाहुण्यांसमोर काढायचा नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला मरणाचं ऐकायचं नसतं. एकानं बॅग भरली की शेजारचाही भरतो. माझा दादा या खोलीवाल्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी, त्यामुळे आमच्या घरात नियम जरा जास्तच कडक. सीझन लागला की तो चिंगीचा फोटो भिंतीवरून उतरवायचा, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवायचा आणि त्याच खिळ्याला भरती-ओहोटीचं वेळापत्रक अडकवायचा. चिंगीची समुद्राकडची खोलीही भाड्याने जायची. वहिनीनं कधी ब्र काढला नाही. फक्त तिची कातळाची सूचना बदलली. “तिकडे काही नाही हो, घाण वास येतो. त्यापेक्षा टेकडीवर जा.” लोकांना ते पटायचं.

यंदा एक कुटुंब आलं. आई, वडील आणि पुढचे दात पडलेली एक बडबडी मुलगी. तिला चिंगीची खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला वडिलांनी वहिनीपुढे फोन धरला.

“मावशी, वास येतो म्हणता, पण इथे तर काय सुंदर फोटो आहेत. हे तारामासे बघा.”

“फोनला वास येत नाही,” मी म्हणाले.

ते हसले. “चांगल्या जागा पाहुण्यांपासून लपवून ठेवता तुम्ही लोक. आत्ता ओहोटी आहे, आम्ही जाऊन येतो.”

मुलगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. पायांत नव्या चपला होत्या. वहिनी त्या चपलांकडे बघत राहिली. काउंटरमागे दादा खाकरला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आत गेली, कपाटातून अभ्रा घेऊन आली आणि टोस्टच्या बशा बाजूला सारून फोटो टेबलावर ठेवला.

“ही माझी मुलगी,” ती म्हणाली. “कातळावर वासबिस काही नाही. फार सुंदर जागा आहे. ही तिथेच गेली.”

मग तिनं सगळं सांगितलं. नळ कुठे आहे ते सांगते त्याच आवाजात. पाणी कसं मागून येतं, घळ कशी भरते, चिंगी कशाला परत गेली. मुलीच्या आईनं मुलीला उचलून मांडीवर घेतलं. मांडीवरून ती मुलगी म्हणाली, “मग चप्पल मिळाली का?”

“मिळाली,” वहिनी म्हणाली. “तिच्या हातातच होती.”

दुपारपर्यंत त्यांनी खोली सोडली. शेजारच्या खोलीतलं जोडपंही गेलं. दादा धुमसत होता. “झालं समाधान? आता सगळ्यांना तोंड मी देऊ?”

वहिनी चादरी काढत होती. “तिघं आली होती,” ती म्हणाली, “तिघं गेली.”

दादा बाहेर गेला. मग हातोडी आणि खिळा घेऊन आला, वेळापत्रक उतरवून चिंगीचा फोटो त्याच्या खिळ्याला परत लावला आणि शेजारी वेळापत्रकासाठी दुसरा खिळा ठोकायला लागला. पहिल्याच घावाला खिळा वाकला. त्याला पुढचं दिसतच नव्हतं, डोळे भरून वाहत होते. मी त्याच्या हातातून हातोडी घेतली.

आता फोटो बारा महिने भिंतीवर असतो. आमच्या निम्म्या खोल्या रिकाम्या, आणि बाकीचे लॉजवाले दादाशी धड बोलत नाहीत. वहिनीच्या सूचना तशाच आहेत. नळ, खिडकी, झेंडे, मासे, मोडक्या काडीची छत्री. लोक हसतात. हसून झाले की ती फोटोकडे वळते आणि म्हणते, “आणि ही आमची चिंगी.”

मला तेव्हा तिथे थांबवत नाही. नवे पाहुणे आले की तिला आपल्या लेकीला पुन्हा एकदा त्या चपलेसाठी परत पाठवावं लागतं. मी मागच्या अंगणात जाते आणि धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला घेते.