फळीवर राहिलेलं ताट

पंगत बसली होती. भिंतीकडं पाटावर पाहुणे, समोर दोन ओळींत पोरं. मी खिरीत पळी घातली आणि सवयीनं फळीकडं पाहिलं. फळीवर एक ताट उरलं होतं.

ताट उरलं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. मी तेव्हा कोल्हापुरात एका बोर्डिंगात स्वयंपाकाला होते. महाराज गादीवर होते आणि खेड्यांतली पोरं शिकावीत म्हणून शहरात बोर्डिंगं निघाली होती. बोर्डिंगात शाळा नसते. पोरं तिथं राहतात, जेवतात आणि शिकायला शहरातल्या शाळेत जातात. आमच्याकडं चाळीसएक पोरं होती, सगळ्या जातींची. प्रत्येकानं घरून येताना आपलं पितळी ताट आणायचं, त्यावर नाव घालून. जेवण झालं की ज्यानं त्यानं ते राखेनं घासून स्वयंपाकघरातल्या फळीवर उभं करायचं. पुढच्या जेवणाला तिथूनच उचलायचं.

मी चौथी पास. त्याचा दुसरा कुठं फारसा उपयोग झाला नाही, पण ताटांवरची नावं मला वाचता येत. फळी रिकामी झाली की मी वाढायला घेई. कुणी आजारी असेल, गावी गेला असेल तर त्याचं ताट आधीच उतरवून कोपऱ्यात पालथं घाली. म्हणजे जे फळीवर उरलं, त्याचा धनी कुठं आहे हे कुणाला माहीत नाही. हा नियम साहेबांनी केलेला नव्हता. माझा मीच केला होता आणि कुणाला सांगितलाही नव्हता. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते.

त्या दिवशी तर मला न बोलण्याची ताकीदच होती.

आमचे सुपरिटेंडंट इंगळेसाहेब. माणूस सरळ, पण एक दुखणं होतं. दर साली रंकाळ्यात बोर्डिंगांच्या पोरांची पोहण्याची शर्यत व्हायची आणि तळ्याच्या बाजूला असलेलं दुसरं बोर्डिंग दर साली कप न्यायचं. त्यांच्याकडं काचेचं कपाट होतं. आमच्या ऑफिसातही साहेबांनी कपाट करून घेतलं होतं, त्यात शाईच्या बाटल्या होत्या.

अशात कळलं की कुरुंदवाडच्या एका नावाड्याचा पोरगा शिकायला कोल्हापुरात येणार आहे. नाव शिवा, वय तेरा. नरसोबाच्या वाडीच्या जत्रेत नदी आडवी पोहण्याची शर्यत त्यानं तीन साल लागोपाठ मारली होती, तीही मोठ्या बाप्यांत. त्याचे आईबाप दोन्ही बोर्डिंगं बघून ठरवणार होते. पहिल्या दिवशी तळ्याकडचं, दुसऱ्या दिवशी आमचं.

साहेब पहाटेच चुलीपाशी आले. म्हणाले, गव्हाची खीर करा, गूळ सढळ हातानं घाला, आणि पाहुण्यांसमोर कुणी काही जादा बोलू नका. मी मान हलवली. मला हे सांगायची गरज नव्हती.

रविवार होता, पोरांना शाळा नव्हती. पाहुणे सकाळी नऊच्या सुमाराला आले. बापे ऑफिसात बसले आणि शिवाची आई माझ्याकडं स्वयंपाकघरात आली. काटक बाई. हात धुऊन न विचारता माझ्या शेजारी बसली आणि भाकरी थापायला लागली. भाकरी चांगली यायची तिची, कड कुठं चिरत नव्हती.

तिनं आपणच बोलायला सुरुवात केली. आदल्या दिवशीच्या बोर्डिंगात म्हैस आहे, पोहणाऱ्या पोरांना सकाळी गडवाभर दूध देतात, पोहणं शिकवायला वेगळा मास्तर आहे. मालक म्हणजे तिचा नवरा, तो अगदी खूश झाला आहे. पण त्यानं देवापुढं शब्द दिला आहे, की आईची हां असेल तरच पोरगं घराबाहेर ठेवायचं. आणि तिची हां होत नव्हती.

"माझा धाकला भाऊ कृष्णंत गेला, आक्का," ती म्हणाली. "आमची दोन घरं. ह्या घरातल्यास्नी वाटलं, त्या घरात जेवला आसंल. त्या घरातल्यास्नी वाटलं, ह्या घरात जेवला आसंल. दिवस बुडल्यावर कळलं."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "पोरगं पवतंय, त्याचं मला भ्या न्हाय. पाण्यातनं भाईर आलं का न्हाय, हे कुनाला तरी ठावं असाय पायजे. घरात मला ठावं असतंय. हितं कुनाला?"

मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ती हसली आणि खडा तोंडात टाकला.

बारा वाजता घंटा झाली, पोरांनी ताटं उचलली, आणि मी वर सांगितलं तसं फळीवर एक उरलं. वाकून नाव वाचलं. गणपाचं होतं. गारगोटीकडचा, इंग्रजी शाळेच्या दुसरीतला, कधीच जेवायला उशीर न करणारा. खीर असताना तर नाहीच.

मी पळी काढून घेतली. साहेब पाहुण्यांना खिरीबद्दल सांगत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच वाढा म्हणाले. मी उभी. मग तोंडानं म्हणाले, "बाई, वाढा."

"एक ताट फळीवर हाय," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. "गणपाचं."

साहेबांनी हजेरी घेणाऱ्या मॉनिटरकडं पाहिलं. मॉनिटर म्हणाला, सकाळच्या हजेरीत होता, रजिस्टरात हजर आहे. "हजर आहे," साहेब मला म्हणाले. "येईल. पाहुणे बसलेत, वाढा."

त्यांचं चूक नव्हतं. रजिस्टर खोटं नव्हतं. सकाळी सहाला गणपा हजरच होता. पण रजिस्टर सकाळी लिहून मिटतात आणि रात्री उघडतात. मधल्या वेळचं त्यात काही नसतं.

खिरीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर पळी आडवी ठेवली.

आमच्याकडं असं कधी झालं नव्हतं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. साहेबांचे कान लाल झाले. मग मागच्या ओळीतनं एक पोरगं दबकत बोललं, की गणपा सकाळीच नदीला गेला. कुरुंदवाडचा पोहणारा यायच्या आधी मी नदी आडवी मारून दाखवतो, म्हणाला होता.

शिवाची आई आत दारापाशी बसली होती. ती उठली आणि सरळ चालायला लागली. मग सगळेच उठले.

पंचगंगेचा घाट बोर्डिंगापासून हाकेच्या अंतरावर. तिनं माझा हात धरला होता तो सोडला नाही, आणि मला तिच्या चालीनं पळावं लागत होतं. घाटावर पोचलो तर पायरीवर गणपाचं धोतर, सदरा आणि टोपी. घडी घालून, वर दगड ठेवून. पाणी नुसतं वाहत होतं.

इंगळेसाहेब पायरीवर बसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेवढ्यापुरता मला त्यांचा राग आला नाही.

शिवाचा बाप मात्र नुसता पाण्याकडं बघत राहिला नाही. तो धारेची ओढ बघत होता, कुठून निघून कुठं लागते. मग पलीकडच्या काठाला, बरंच खाली, उसाचा फड होता तिकडं त्यानं तोंड केलं, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि होडी बोलवायची हाळी दिली. नावाड्यांची हाळी लांबलचक असते, पाण्यावरून सरकत जाते. एकदा दिली. काही नाही. दुसऱ्यांदा दिली.

उसातनं बारीक आवाज आला. "हाय की. हितं हाय."

शिवाच्या आईनं माझा हात सोडला. बोटांची खूण पुढं दोन दिवस होती.

"मग ये की," बाप ओरडला.

"येता येत न्हाय."

"पवायला येत न्हाय?"

"येतंय की. आलो न्हवं का हितवर?"

"मग पुलावरनं चालत ये."

ऊस जरा हलला. मग आवाज आला, "लंगोट व्हाऊन गेलाय."

घाटावर धुणं धुणाऱ्या बायका होत्या, त्यांनी आधी तोंडाला पदर लावला. मग पोरं हसली, मग बापे. साहेब शेवटी हसले आणि पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. गणपा सकाळपासून नागवा उसात बसला होता. पुलावर बाजाराच्या गाड्या, इकडं घाटावर बायका, आणि परत पोहावं तर दमलेला. त्यानं आपला विचार केला होता, की अंधार पडल्यावर बघू.

आता त्याचे कपडे तिकडं न्यायचे कुणी? शिवानं कुणाला विचारलं नाही. गणपाच्या कपड्यांचं गाठोडं करून त्यानं आपल्या डोक्याला बांधलं. आणि पाण्यात न उतरता काठानं वरच्या अंगाला चालायला लागला. आमची पोरं म्हणाली, अरे तो तर खाली आहे, हा वर कुठं निघाला? नावाडी म्हणाला, "जिथं जायचंय तिथनं वर उतरायचं. बाकीचं नदी करती." पोरगं बरंच वर जाऊन उतरलं. घाई नाही, शिंतोडे नाहीत. आडवं निघालं आणि धारेबरोबर सरकत सरकत नेमकं उसाच्या फडासमोर लागलं. गाठोड्याला पाणी लागलं नाही.

त्याची आई सगळा वेळ बघत होती. पलीकडं पाय टेकले तेव्हा तिनं श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

थोड्या वेळानं दोघं पुलावरून चालत आले. गणपा कपड्यांत, खाली मान घालून. शिवा कमरेला ओला पंचा, आणि तोच गणपाला धीर देत होता.

परत आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. खीर घट्ट झाली होती, पळीला सोडेना. कोठीच्या खोलीत साहेबांनी मला बाजूला घेतलं. पोर वाचलं हे चांगलं झालं, म्हणाले. पण बोर्डिंगाची अब्रू पाहुण्यांसमोर गेली. आपल्याकडं पोर हरवतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. आता तो मुलगा तळ्याकडंच जाणार. आणि पंगत अडवायचा अधिकार स्वयंपाकिणीला नाही. महिना भरला की आपण बोलू.

बोलू म्हणजे काय, ते मला कळलं. मी खिरीत गरम पाणी घालून ती सैल केली आणि वाढायला गेले. गणपानं तीन वेळा घेतली.

जेवणं झाल्यावर निघायच्या वेळी नावाडी पागोटं बांधत साहेबांना म्हणाला, लई आवडलं तुमचं बोर्डिंग, घरी जाऊन कळवतो. हे ऐकलं की नाही म्हणाले, असं समजायचं. साहेबांचा चेहरा पडला.

तेव्हा शिवाची आई पदर पुढं ओढून दारातनं म्हणाली, "कळवायचं काय त्यात? पोरगं हितं ऱ्हाईल."

नवरा चमकला. "अगं, तिथं मास्तर हाय. दूध हाय."

"दूध म्हशीचं हाय न्हवं? म्हस आमची बी हाय. तिथं मी इचारलं, पोरगं पाण्यातनं आलं ते कुनाला कळतंय? त्यांनी सांगितलं, सकाळला हजेरी, रातच्याला हजेरी. मधल्या दिवसाचं काय?" मग साहेबांकडं वळून म्हणाली, "हितं दुपारी बाराला कळलं. जेवायच्या आत."

साहेब आपले मान हलवत राहिले. मला वाटलं, आता संपलं. पण ती नावाड्याची बायको. उतारू बसले म्हणून नाव लगेच सोडणारी नव्हे.

"एक इचारायचं ऱ्हायलं," ती म्हणाली. "ह्या आक्का कवा गावाला गेल्या, अंगात ताप भरला, तर फळी कोन बघतंय?"

कुणीच बघत नव्हतं. फळी बघायची असते हेच त्या दुपारपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. साहेबांनी एकदा माझ्याकडं, एकदा फळीकडं पाहिलं.

"मी बघतो," ते म्हणाले.

"रोज?"

"रोज."

"मग झालं," ती म्हणाली आणि चप्पल घालायला लागली.

महिना भरला तेव्हा साहेब माझ्याशी काही बोलले नाहीत, आणि मीही आठवण दिली नाही. मात्र त्या दिवसापासून दुपारी आणि रात्री, घंटा झाली की इंगळेसाहेब स्वयंपाकघरात येऊन फळीसमोर हात मागं बांधून उभे राहायचे. माझ्या चुलीपुढं गर्दी व्हायची आणि भाकरी उलटायला जागा मिळायची नाही. आठ दिवसांनी त्यांनी तसा लेखी नियमच केला. त्यात माझं नाव नव्हतं, ते बरंच झालं.

शिवा चार साल आमच्याकडं होता. पहिल्या साली रंकाळ्यातल्या शर्यतीत त्याचा चौथा नंबर आला. तळ्याच्या पाण्याला ओढ नसते. हे पोरगं सवयीनं निशाणाच्या बरंच वरच्या अंगाला तोंड करून निघालं, आणि नदी काही त्याला खाली आणायला आली नाही. पार भलत्याच जागी काठाला लागलं. साहेब दोन दिवस जेवले नाहीत नीट. दुसऱ्या साली मात्र सरळ पोहायला शिकला आणि कप आला. शाईच्या बाटल्या कपाटातनं निघाल्या.

नंतर पुष्कळ आईबाप बोर्डिंग बघायला आले. येतात ते आधी कपाट बघतात, मग खोल्या, मग विहीर. मी होऊन कुणाला काही सांगायला जात नाही. कुणी चुलीपाशी येऊन विचारलंच, तर एवढं सांगते, की पंगत बसायच्या वेळेला या आणि एक पोरगं कमी असताना वाढतात का ते बघा.