वन्संचं अठरा प्रकरणांचं पारायण

छापलेला कागद अर्धवट सोडणं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं, असं मानणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच आहे आणि ती माझी नणंद आहे. वय चौऱ्याहत्तर, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि वाचायला काहीही चालतं. औषधाच्या खोक्यातला मुंगीच्या अक्षरांचा कागद म्हणू नका, विजेच्या बिलाची मागची बाजू म्हणू नका. एकदा आम्ही दोघी लांज्याला निघालो होतो. स्टँडवर प्रवाशांसाठी सूचनांचा नवा फलक लागलेला. वन्सं वाचायला उभ्या राहिल्या, आणि अकराव्या सूचनेला आमची गाडी डोळ्यांदेखत निघाली. मी ओरडले, "वन्सं, गाडी!" तर म्हणतात, "थांब गो, तीनच राहिल्यात." आणि पुरतं वाचल्याशिवाय चांगलं म्हणायचं नाही की वाईट म्हणायचं नाही, हा वर नियम.

तर या बाईकडे त्यांची नात अकरावीसाठी मुंबईहून येऊन राहिली. पोर गुणी, पण बाप कडक. धाडतानाच त्याने आईला बजावलेलं, "जरा काही वेगळं दिसलं तर मला कळव. दुसऱ्या दिवशी परत घेऊन येईन." पोरीला इथलं कॉलेज आवडलेलं, मैत्रिणी झालेल्या, परत जायचं नाव काढलं तरी डोळे भरायचे. आणि वन्सं कशा, तर खोटं बोलायला गेल्या की उचकी लागते. दर रविवारी लेकाचा फोन, आणि फोनवर सगळं खरं खरं. अशा घरात पोरीच्या उशीखाली एक कादंबरी सापडली बघा. वरती चित्र सायकलचं, मुलगा चालवतोय आणि मागे मुलगी. शाळा-कॉलेजातल्या पहिल्या प्रेमाची गोष्ट. पोर रडत माझ्याकडे आली, माझं घर दोन घरं सोडून. "मामीआजी, आजी बाबांना सांगणार! आणि माझं सहावंच प्रकरण चाललं होतं गं!"

मी चपला न घालता धावले. वन्सं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या. "सांगणार तर आहेच," म्हणाल्या, "पण वाचल्याशिवाय काय सांगू?"

आता वन्संना पुस्तक वाचायची एकच रीत ठाऊक, पोथीची. आंघोळ करून पाटावर बसायचं, पुढे चौरंग, उदबत्ती, रोज एक अध्याय, मोठ्याने. पुढचं पान उलटून बघायचं नाही, आणि संपेपर्यंत घरात मासे नाहीत. प्रकरणं होती अठरा. गुरुवारी आरंभ केला. तिसऱ्या दिवशी कोळीण दारात पाटी उतरवून कावली, "आजी, पोथी सरायची कधी? बांगडा बघा काय ताजा हाय!" वन्सं आतून म्हणाल्या, "दोघं अजून बोललीसुद्धा नाहीत गो, इतक्यात कशी सरेल?" कोळणीने माझ्याकडे बघून हात जोडले. कुठल्या देवाची पोथी, हे काही तिने विचारलं नाही.

पहिल्या रविवारी लेकाने विचारलं, "काय म्हणते पोर?" तर उत्तर, "वाचन चाललंय, मध्ये बोलत नाही." सुटलो. दुसऱ्या रविवारीही तेच उत्तर. पण तुम्हाला सांगते, तोवर वन्संचा आवाजच बदलला होता. मी रोज सकाळी दहाला ऐकायला जायची, आणि कॉलेज दुपारचं म्हणून ती पोर स्वयंपाकघराच्या दाराआड कान लावून. मुलगा जणू आमच्या आळीत राहतो अशा वन्सं बोलायच्या. "सकाळचं काही खात नाही तो. आईचं लक्ष नाही गो." घावन घालताना म्हणायच्या, "असं कोण घालणार त्याला?" दहाव्या प्रकरणात त्याला ताप भरला, तर वन्संनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं. अकराव्यात उतरला. नारळ फुटला, त्याचा प्रसाद मी माझ्या हाताने खाल्लाय.

चौदाव्यात मात्र दोघं तास बुडवून समुद्रावर गेली. वन्संनी पुस्तक मिटलं. "बुडवलाच तास," एवढंच म्हणून त्या उठल्या. मी घरी येऊन पोरीची बॅग मनातल्या मनात भरायला घेतली.

पुढे पुस्तकातल्या त्या मुलीच्या बापाला कळतं. तो घर डोक्यावर घेतो, आणि मुलगी घरात बोलायचीच बंद होते. अगदी जेवायला वाढलं तरी मान हलवते, बस. ते वाचताना वन्सं दोनदा थांबल्या. मग दाराकडे न बघता हाक मारली, "ये गो बाहेर. कधीची उभी आहेस." पोर आली. "तुझं आहे का असं कोणी?"

"नाही गं आजी." मग हळूच, "वर्गात एक आहे. पण त्याला माहीत नाही."

"नको कळू दे इतक्यात. बस इथे, पाट घे."

अठरावं प्रकरण नेमकं रविवारी संपलं. दोघांची कॉलेजं वेगळी होतात, पण ताटातूट गोड आहे, पत्र लिहीन म्हणतात. तिघी नाकं पुसतोय आणि फोन वाजला. लेक हसत म्हणाला, "झालं का वाचन? कसली पोथी होती एवढी?"

"पोथी कुठली, तुझ्या लेकीच्या उशीखालचं पुस्तक. दोन पोरांच्या प्रेमाचं."

पोरीने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. पलीकडून आवाज चढला, "आई! मी उद्याच येतो न्यायला—"

"तू वाचलंयस?"

"मी कशाला वाचू असलं?"

"मग बोलू नकोस. पोस्टाने पाठवते. अठरा प्रकरणं आहेत, आंघोळ करून रोज एक. तुला जमायचं नाही हे मला माहीत आहे. जमलं की ये, तोवर पोर इथेच." आणि फोन ठेवला. उचकी लागली नाही, म्हणजे सगळं खरंच होतं. पोर आजीच्या गळ्यात पडली, आणि मी मटकन देवाच्या पाटावरच बसले. लेक काही आला नाही. पुढच्या रविवारी, चौथं चाललंय, असं पडेल आवाजात म्हणाला म्हणे.

पारायण संपलं त्या दिवशी संध्याकाळी पोर क्लासला गेली आणि आम्ही दोघी पडवीत बसलो. बांगडा तळून झालेला, घरभर वास. वन्संचं लग्न अठराव्या वर्षी झालं, नवरा बघितला तो अंतरपाट निघाल्यावर. यजमान भले होते, कधी आवाज चढवला नाही, पण गोड असंही काही बोलले नसावेत. वन्सं एकदम म्हणाल्या, "मला कोणी पत्र लिहिलं असतं, तर मी उत्तर दिलं असतं का गो?"

मी म्हटलं, "दिलं असतंत."

"नसतं दिलं," म्हणाल्या. "पण वाचलं मात्र पुरतं असतं."