जुनी पानं कापू नका

"पिवळं कुठून सुरू झालं? खालून का वरून?"

झाड आजारी आहे असं कोणीही सांगितलं की नाना आधी हे विचारायचे. खालच्या जुन्या पानांपासून सुरू झालं तर दुखणं वेगळं, वरच्या कोवळ्या पानांपासून तर वेगळं.

नव्वदीच्या दशकात सुरतजवळच्या पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी कापडाच्या फोल्डिंगला होतो, नाना तिथले माळी. दोघंही खान्देशातले, म्हणून जेवायला एकत्र बसायचो. एकदा त्यांनी माझ्या भाकरीवरचं कच्च्या मेथीचं पान उचलून उजेडात धरलं.

"नाना, जेवू द्या की!"

"जेव रे. शिरा हिरव्या अन् मधलं पिवळं. लोह कमी पडलं बिचारीला."

अशा माणसाचं हसू येतं, तुम्हालाही आलं असतं.

गेटपासून ऑफिसपर्यंतचे बॉटल पाम त्यांनी रोपापासून वाढवलेले. बायको गेल्यावर ते गेटजवळच्या खोलीतच राहायला आले होते.

एका उन्हाळ्यात खालच्या झावळ्यांवर नारिंगी ठिपके उठले, टोकं करपली. "पोटॅश कमी पडलं," नाना म्हणाले आणि खत घातलं. पण पाम सावरायला वर्ष-दोन वर्षं जातात, आणि नव्या युनिटचं उद्घाटन तोंडावर आलेलं.

मॅनेजर गुजरातीत म्हणाले, "काका, पीळां पान काढी नाखो. मेहमान आवे छे." पाहुणे येणार, पिवळी पानं काढून टाका.

"साहेब, जुनी पानं कापू नका. त्यातलंच ओढून झाड वर नवं पान काढतंय." नानांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी बाहेरची माणसं आणून पानं उतरवली.

मग पिवळेपणा वरच्या पानांवर चढला. तीही कापली. घाबरून नानांनी पोटॅश वाढवलं, तर पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. आता मॅग्नेशियम कमी पडलं होतं. "हे माझ्याच हातानं झालं," ते म्हणाले. त्यानंतर जेवणाचा डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एकेका पामचा शेंडा बारीक होत गेला. शेवटी मिलने सगळेच काढायचे ठरवले.

क्रेन आली त्या दिवशी नाना आडव्या पडलेल्या एका पामजवळ बसले. शेंड्याची न उलगडलेली सुरळी त्यांनी कोयत्याने चिरली. आत पांढरंशुभ्र, ओलं पान होतं.

"हाई आजून जित्तं शे," ते आमच्या अहिराणीत पुटपुटले. हे अजून जिवंत आहे.

"उठा नाना," मी म्हटलं. ते उठले नाहीत.

त्या दिवसानंतर नाना मिलमध्ये कोणालाच दिसले नाहीत. गावी विचारलं, तिथेही पोचले नव्हते. मला अजून डोळ्यांसमोर दिसतात ते त्या दिवशीचे, चिरलेली सुरळी दोन्ही हातांनी दाबून पुन्हा मिटू पाहणारे नाना.