आयत्या नावाचं कुत्रं

डांगाम्वुरा वस्तीत कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी नसतं, शेजाऱ्यांसाठी असतं. सासरच्यांशी बिनसलं, गल्लीत कुणी चहाड्या केल्या, भावानं वाटणीत हात मारला, की माणूस तोंडानं एक शब्द काढत नाही. तो एक पिल्लू आणतो, त्याला मनातलं नाव ठेवतो आणि रोज संध्याकाळी फाटकात उभा राहून मोठ्यानं हाका मारतो. ज्यानं ऐकायचं तो बरोबर ऐकतो, आणि कुत्र्याच्या नावावरून भांडायला काही कुणी दारात येत नाही. माय रुवाराशेच्या अंगणात 'मुचानेता' आहे, म्हणजे 'दमाल तुम्ही'. हे तिच्या नणंदांसाठी, आणि नणंदा खरोखरच दमल्या. मागच्या गल्लीतल्या बस कंडक्टरचा 'वावेंगी' आहे, म्हणजे 'जळणारे'. कोण जळतं ते त्यानं अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे सगळेच शेजारी फुगून बसलेत.

माय चेनायला पिल्लूच हवं होतं ते यासाठी. नाव तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं, 'तिरिपो'. कसं काय म्हणून कुणी विचारलं की जो तो हेच उत्तर देतो, 'आहोत बरे'. रोज संध्याकाळी ही हाक गेली की गल्लीला कळावं, ही बाई एकटी आहे पण बरी आहे, हिची कीव करायला येऊ नका.

खरं तर तिला कुणीतरी यायला हवं होतं. पोटात एक आणि ओठात एक, असा तिचा जुना स्वभाव. आयुष्यभर तिनं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला, भल्यामोठ्या पातेल्यात सादझा घोटला, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. दंड भाजले तरी कुणाला दाखवले नाहीत. नवरा लाकडाच्या गिरणीत होता. तो गेला तेव्हा घर माणसांनी भरून गेलं, अंगणात चुली पेटल्या, चर्चच्या बाया रात्ररात्र गात बसल्या. मग एकेक चूल विझली. जो कुणी निरोप घेताना विचारी, "आता कसं करणार?" त्याला ती म्हणे, "माझं सगळं ठीक आहे." लोकांनी ते खरं मानलं. लोकांना असली गोष्ट खरी मानायला फार आवडतं.

चेनाय ही तिची एकुलती एक लेक; तिच्या नावावरूनच गल्ली हिला माय चेनाय, म्हणजे चेनायची आई, म्हणते. लेक इंग्लंडात, लेस्टरला. तिथल्या वृद्धाश्रमात ती परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, केस विंचरते, घास भरवते. बापाच्या मातीला ती आली नाही. तेव्हा कागदपत्रं अडकली होती, देश सोडला असता तर परतीची वाट बंद होती. तिनं फोनवरच खड्ड्यात पडणारी माती पाहिली. पुढे कागद झाले, पण येणं झालं नाही. या नाताळला नाही तर पुढच्या, असं चाललं होतं. दर रविवारी फोन येई. "आई, बरी आहेस ना?" "तिरिपो," आई म्हणे. आहोत बरे. घरात दुसरं माणूस नसताना 'आहोत'.

एका शनिवारी ती पिल्लू आणायला बसथांब्यावरच्या बाजारात गेली. एक माणूस खोक्यात पिल्लं घेऊन बसला होता. तिनं एक काळं पिल्लू उचललं. ते तिचं बोट चोखायला लागलं, आणि तिच्या मनात आलं की हे दहा-बारा वर्षं जगेल. मी गेल्यावर याला कोण बघणार? चेनाय येऊन घेऊन जाणार आहे थोडीच. तिनं पिल्लू परत खोक्यात ठेवलं.

विकणारा चिडला. "काय झालं आजी? आवडलं नाही?"

"आवडलं म्हणूनच," ती म्हणाली आणि निघाली.

वस्तीबाहेर निलगिरीच्या रांगेमागे मोकाट जनावरांचा आसरा आहे. तिथे वय झालेली कुत्रीही मिळतात. एरवी तिथून कुत्रं आणणाऱ्याला गल्लीनं वेड्यात काढलं असतं, कारण मोठं कुत्रं म्हणजे दुसऱ्याचा सादझा खाऊन वाढलेलं. पण आता वेड्यात काढायला तरी कोण येत होतं? ती गेली.

जाळीमागची सगळी कुत्री तिला पाहून उड्या मारायला लागली. एक मात्र पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. रंग पिवळट, एक कान फाटलेला, तोंडावर पांढरे केस.

"याला काय झालंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. कंटाळलाय," राखणदार म्हणाला. "साकुब्वाला एक म्हातारा एकटा राहायचा. मेला. शेजाऱ्यांना वास आला तेव्हा कळलं. हा दारात बसलेला. कुणाला आत जाऊ देईना."

"नाव काय?"

राखणदारानं आधी इकडेतिकडे पाहिलं. "हामूयी."

हामूयी, म्हणजे 'तुम्ही येत नाही'.

"असलं नाव कोण ठेवतं?"

"ज्याच्याकडे कुणी येत नाही तो ठेवतो, आजी. मुलंबाळं होती म्हणे त्याला. तुम्हाला नको असेल तर बदला. खायला घालाल त्या नावानं येईल."

हे त्यानं खोटं सांगितलं. किंवा त्याला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या माय रुवाराशेनं कुंपणावरून कुत्रं पाहिलं, ते कुठून आलं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, मेलेल्याचं कुत्रं आणलंस? त्याच्यामागं तो म्हाताराही येईल हं."

"येऊ दे. गप्पा तरी मारेल," माय चेनाय म्हणाली.

"नाव काय याचं?"

"तिरिपो."

पण ते नाव कुत्र्यानं कानावर घेतलं नाही. सादझात सुक्या मासळीची डोकी कुस्करून ती ताटली पुढे करी, "तिरिपो, ये," तर ते भिंतीकडे बघत राही. ती घरात गेली की मग खाई. सकाळी ती दार उघडून त्याला विचारी, "रात्र बरी गेली का?" रीत अशी की समोरच्यानं म्हणायचं, तुमची बरी गेली असेल तर माझीही बरी गेली. बऱ्याच काळात हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. कुत्रंही म्हणत नव्हतं, पण आता विचारायला कुणीतरी होतं. एवढ्यावरही तिचा जीव त्याच्यात गुंतला. याचा तिला रागच आला.

रविवारी लेकीनं फोनवर कुत्रं पाहिलं. "तिरिपो! तिरिपो!" तिनं हाका मारल्या. कुत्र्यानं मान वळवली नाही. "बहिरं आहे का ग?"

"नवीन आहे अजून," आई म्हणाली.

मग एक दिवस कुंपणाच्या फटीतून ते निघून गेलं. दुपारभर तिनं वाट पाहिली. उन्हं कलली तशी थंडी पडायला लागली, तेव्हा ती शाल गुंडाळून बाहेर पडली. ते जुन्या घराकडे गेलं असणार, म्हाताऱ्याला शोधायला, हे तिला न सांगता कळलं होतं. साकुब्वाच्या वाटेनं ती हाका मारत निघाली, "तिरिपो! तिरिपो!" तर दारादारातून लोक हसून उत्तर द्यायला लागले. "आहात ना बरे? आम्हीही आहोत बरे, आजी!" तिला वाटलं, कमाल आहे. आयुष्यभर हेच सांगत आले आणि आयुष्यभर लोकांनी हेच उत्तर दिलं.

गल्लीच्या टोकाला ती थांबली. दुसरं नाव तोंडात घ्यायला तिच्या जिवावर आलं होतं. समोर चर्चच्या बायांच्या प्रमुखबाईचं घर होतं, पलीकडे नवऱ्याच्या पुतण्याचं, मागे माय रुवाराशेचं. पण अंधार पडत चालला होता, मोठ्या रस्त्यावर ट्रक धावत होते, आणि कुत्रं म्हातारं होतं. तिनं तोंड उघडलं.

"हामूयी!"

तुम्ही येत नाही. आवाज फुटला तो वसतिगृहात शंभर पोरींना जेवायला बोलावणारा जुना आवाज. "हामूयी! हामूयी!" प्रमुखबाईच्या खिडकीचा पडदा हलला. पुतण्या दारात आला, तिला पाहिलं आणि मान खाली घालून आत गेला. ती रडत होती, पण हाक थांबवत नव्हती. आणि आता नुसतं कुत्र्याला बोलावत नव्हती, हे तिचं तिलाही कळत होतं.

बसथांब्याजवळच्या मोरीतून ते बाहेर आलं. एका पायानं लंगडत, थेट तिच्याकडे. चारही पाय चिखलानं भरलेले. ती हाका मारायची थांबेपर्यंत ते तिच्या समोर उभं राहिलं, आणि मग तिच्या मागोमाग घरी आलं.

सकाळी माय रुवाराशे कुंपणाशी उभीच होती. डोळे लाल.

"काल मला बोलत होतीस ना?"

"कुत्र्याचं नाव आहे ते. मी ठेवलेलं नाही."

"मला शिकवू नकोस. माझ्या मुचानेताला मी उगाच हाका मारते का?" माय रुवाराशेनं नाक पुसलं. "येत होते मी. मातीनंतर रोज येत होते. भाजी घेऊन आले, तर म्हणालीस, आहे घरात. बसू का म्हटलं, तर म्हणालीस, कामं असतील तुला. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. ठीक असलेल्या घरात मी रोज कशाला नाक खुपसू? तुला यायला हवं होतं तर एकदा तरी तोंडानं बोलायचं होतंस. कुत्र्याकडून बोलून घेतलंस, तेही मेलेल्या माणसाच्या."

माय रुवाराशे तणतणत आत गेली, आणि दिवसभर बाहेर आली नाही. तिच्या चुलीचा धूर तेवढा दिसत होता.

रविवारी ठरल्या वेळी फोन आला. लेक वृद्धाश्रमाच्या निळ्या कपड्यांत होती, कामावर निघालेली. तिनं नेहमीसारखं तिकडच्या पावसाचं सांगितलं, एका म्हाताऱ्या बाईनं तिला आपली मुलगी समजून हात धरून ठेवला ते सांगितलं. मग म्हणाली, "कुत्रं दाखव ना. तिरिपो कुठं आहे?"

आईनं फोन अंगणाकडे वळवला. कुत्रं भिंतीशी बसलं होतं.

"तिरिपो!" लेकीनं हाक मारली. "अजून ऐकत नाही ग हे."

"ते त्याचं नाव नाही."

"मग?"

आईनं फोन हातातच ठेवला, आणि हळू आवाजात हाक मारली, "हामूयी." कुत्रं उठलं, आलं, तिच्या पायावर हनुवटी टेकून बसलं.

लेकीचं तोंड किंचित उघडं होतं आणि ती हलत नव्हती. नेटवर्क गेलं असं म्हणून सुटता आलं असतं, दोघींनाही. एरवी आईनंच तसं म्हटलं असतं.

"हे तू ठेवलंस?" शेवटी लेकीनं विचारलं.

"नाही. एका म्हाताऱ्यानं. त्याच्या मुलांसाठी."

"बदललं नाहीस?"

"बदलून पाहिलं."

लेकीनं हातानं डोळे पुसले. मग तिनं दर रविवारचंच विचारलं, पण या वेळी ते विचारताना तिचा आवाज लहान झाला होता. "आई, बरी आहेस ना?"

उत्तर आईच्या ओठावर आलं होतं. वर्षानुवर्षांचं, तयार. तिनं कुत्र्याच्या फाटक्या कानावर हात ठेवला.

"नाही ग," ती म्हणाली. "मी एकटी आहे."