युरोपचा निकाल माझ्या हाती

अमेरिकेनं युरोपबरोबरच्या लष्करी करारात राहावं की बाहेर पडावं, हे ठरवण्याची जबाबदारी एका शनिवारी सकाळी माझ्यावर आली. त्या वेळी मी ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरा वर्षं उभा होतो आणि या देशात मला नगरसेवकही निवडता येत नव्हता.

झालं असं की माझी मुलगी इथल्या बेलव्ह्यू गावच्या शाळेत नववीत होती आणि वादविवादाच्या संघात होती. इथं स्पर्धेला जाताना शाळेनं मुलांबरोबर परीक्षकही न्यायचे असतात, आणि परीक्षक म्हणजे पालक. परीक्षक कमी पडला किंवा त्यानं निकाल वेळेत दिला नाही, तर त्या शाळेची एक जोडी स्पर्धेतून कापतात. नेहमी जाणाऱ्या बाई गुरुवारी तापानं आडव्या झाल्या. आमच्या शाळेची सर्वांत नवी जोडी माझ्या मुलीची, म्हणजे कापली जाणार ती तिचीच.

"बाबा, प्लीज," ती म्हणाली. "यू जस्ट सिट देअर."

नुसतं बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. आमच्या तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक नाहीतर वकील. त्याला शाल-श्रीफळ देत. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. ज्या देशानं मला पोटभर काम दिलं आणि मुलीला दारातून शाळेची बस दिली, तो आता मला त्या खुर्चीवर बसवत होता. वादाचा विषय होता युरोपबरोबरचा लष्करी करार; त्यावर मी दोन दिवस ऑफिसातून आल्यावर वही घेऊन अभ्यास केला.

"अहो, स्पर्धा तिची आहे," बायको म्हणाली.

करारातलं मुख्य कलम मला फार आवडलं. एकावर हल्ला झाला, तर तो सगळ्यांवर झाला असं समजायचं. आमच्या भावकीतही हे कलम होतं, फक्त ते लग्नाच्या पंगतीपुरतं लागू व्हायचं. अमेरिकेनं करारात राहिलं पाहिजे असं माझं मत झालं, आणि ते मी वहीत लाल शाईनं लिहिलं.

शनिवारी मी सूट घालून गेलो. बाकीचे परीक्षक चपला आणि हाफ पँटमध्ये होते. रसायनशास्त्राच्या वर्गात दुसऱ्या शाळांची चार मुलं वाट पाहत होती. एका बाजूला दोन मुलगे, दुसऱ्या बाजूला एक मुलगी आणि तिचा जोडीदार. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि उडवलं. मुलग्यांच्या वाट्याला "करार ठेवा" आलं, त्या मुलीच्या वाट्याला "करार सोडा".

"म्हणजे तुमचं स्वतःचं मत काय?" मी विचारलं.

उंच मुलगा अदबीनं म्हणाला, "आम्हाला मत नसतं, सर. आमच्याकडे दोन्ही असतात."

मुलगे इतक्या वेगानं वाचत होते की मला दर वाक्यात युरोप एवढाच शब्द लागत होता. वेळ संपायला अर्धं मिनिट असताना मी सोबत आणलेली पितळी घंटा वाजवली. आमच्याकडे सूचनेची घंटा असल्याशिवाय स्पर्धा होत नाही. चौघंही दाराकडे बघू लागली. एकानं लॅपटॉप मिटला.

"सर, ही आगीची घंटा आहे का? इमारतीबाहेर जायचं?" त्या मुलीनं विचारलं.

घंटा मी बॅगेत ठेवली.

मग ती मुलगी उठली. हातात कागद नाही, बोलणं सावकाश. ती म्हणाली, माझा भाऊ पंचविशीचा झाला तेव्हा आईवडिलांनी त्याला सांगितलं, आता स्वतःचं घर बघ. आमचं त्याच्यावर प्रेम आहे. सणाला तो जेवायला येतो. युरोप मात्र इतकी वर्षं आमच्या तळघरात राहतोय, आणि कुलूप कोण लावणार हेही आम्हालाच विचारतोय.

पोटच्या मुलाला पंचविशीत बाहेर काढल्याचं कुणी इतक्या अभिमानानं सांगताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्या गावात या घरावर लोकांनी बहिष्कार टाकला असता. पण मुद्दा बिनतोड होता.

"आणि त्याच्या घरी चोर आला तर?" उंच मुलानं विचारलं.

"तो फोन करेल. मग आम्ही ठरवू."

मुलगे लॅपटॉपमध्ये शोधू लागले. उत्तर माझ्या वहीत होतं. परीक्षकानं मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मी ते मांडीखाली दाबून ठेवलं.

फेरी संपली, मुलं बाहेर गेली. निकाल फोनवरच भरायचा होता. माझं पूर्ण नाव, त्याखाली विजयी बाजू, त्याखाली कारण. बाजू होती "करार सोडा". बोट तिथं ठेवलं आणि घाम फुटला. विमानतळावर अधिकारी फोन बघतात असं आमच्या व्हिसावाल्यांत सगळेच सांगतात. माझ्या नावापुढं अमेरिकेच्या संरक्षण धोरणावर मत? म्हटलं, जे सुरक्षित असेल ते लिहावं. पण सुरक्षित कोणतं हेच कळेना. त्या दिवसांत बातम्या बघितल्या की वाटायचं, सरकारही सकाळी नाणं उडवत असावं.

शेजारच्या वर्गातून नागपूरचे एक गृहस्थ डोकावले. परीक्षक म्हणून त्यांचं हे पाचवं वर्ष. "अरे यार, झालं नाही अजून? तुझ्यामुळं पुढची फेरी अडलीय."

फोनवर सूचना आली. दहा मिनिटांत निकाल द्या, अन्यथा तुमच्या शाळेची जोडी बाद. मी बायकोला फोन लावून नावाची भीती सांगितली.

"अकरा वर्षांत त्या रांगेतून कुणी तुमचं नाव पुकारलं का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग आजच कोण पुकारतंय? कोण चांगलं बोललं?"

"करार सोडा म्हणणारी मुलगी. पण मला ते पटलेलं नाही."

"तुम्हाला पटवायला बोलावलंय का? लिहा लवकर. आपली पोर बाहेर उभी आहे तुमच्या भरवशावर."

आठवीत तालुक्याच्या स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता. नंतर परीक्षक आमच्या गुरुजींना म्हणाले, पोरगं तुमचंच चांगलं बोललं, पण पहिला आलेला सभापतींचा मुलगा, आणि सभापती मंचावर बसलेले होते. गुरुजींनी माझी समजूत घालायला हे सांगितलं होतं. मला ते एवढी वर्षं अन्याय म्हणून लक्षात राहिलं. त्या परीक्षकाला किती घाम फुटला असेल, हे त्या वर्गात प्रथम जाणवलं.

मी "करार सोडा" दाबलं. कारणात पहिलं वाक्य लिहिलं की हे माझं वैयक्तिक मत नव्हे, मला अमेरिकेबद्दल व तिच्या सर्व मित्रराष्ट्रांबद्दल आदर आहे. मग त्या मुलीचं बोलणं का सरस ठरलं ते लिहिलं. आणि शेवटी त्या मुलग्यांसाठी लिहिलं: माझे वडील बस डेपोत रात्रपाळीचे पहारेकरी होते. चोर आल्यावर त्यांनी काय केलं असतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण ते फाटकाशी बसलेले दिसत आणि चोर आलाच नाही. फोन आल्यावर ठरवू म्हणणाऱ्याचा चोराला धाक नसतो. हे तुम्ही म्हणाला असतात तर जिंकला असतात.

एक मिनिट उरलं असताना निकाल गेला. मी वर्गाबाहेर आलो तेव्हा लांब भिंतीपाशी माझ्या मुलीनं फोन बघितला, जोडीदाराला कोपर मारलं आणि दोघं पुढच्या वर्गाकडे पळाली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही, म्हणजे सगळं ठीक होतं.

तेवढ्यात उंच मुलगा शोधत आला. त्यानं शेरा वाचला होता. हरल्याचं दुःख दिसत नव्हतं.

"थँक यू, सर. तुमच्या वडिलांचा मुद्दा फार भारी आहे. पुढच्या फेरीत आमच्याकडे 'करार सोडा' आलंय. समोरच्यांनी हा मुद्दा काढला तर तो खोडायचा कसा?"

मी विचार केला. वडिलांना खोडून काढणं मला कधीच जमलं नव्हतं. मी त्याला म्हटलं की परीक्षकांना याहून जास्त सांगता येत नाही. त्यानं मान डोलावली, माझ्याशी हात मिळवला, आणि चालता चालताच लॅपटॉप उघडून उत्तर शोधायला लागला.