साहेबांच्या चहातलं दूध

"काऊन?"

काठी जमिनीवर आपटायची, मान जराशी तिरपी करायची आणि समोरच्याला तिकडच्या बोलीत एवढंच, म्हणजे नुसतं 'का?' विचारायचं, ही आमच्या शेजारच्या बकऱ्यावाल्या बाईची रीत होती. त्याआधी रामराम नाही, खुशाली नाही. पाटील म्हणाले, "बाई, बकऱ्या जरा आवरा," तरी "काऊन?" पोस्टमन म्हणाला, "आज उशीर झाला," तरी "काऊन?" तुम्ही म्हणाल, ही काय बोलायची पद्धत झाली! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण एकदा आजूबाजूला नीट पाहा, हा प्रश्न खरोखर विचारणारी माणसं किती सापडतात ते. आमच्या त्या गावात ती एकटी होती.

धानोऱ्याच्या अलीकडे, तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलात ते गाव. माझे यजमान तिथल्या जंगल खात्याच्या ऑफिसात कारकून होते. लग्न होऊन मी वरोऱ्याहून तिथे गेले. आमच्या क्वार्टरच्या मागे बांबूचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे तिची झोपडी आणि बकऱ्यांचा कोठा. नवरा कधीच वारला होता. एकुलती लेक आरमोरीच्या पुढे दिलेली. त्यामुळे बोलायला बकऱ्या, आणि भांडायला सगळं गाव.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. तिच्या एका बकरीने माझं नवं पोलकं खाल्लं. मी तावातावाने कुंपणाशी गेले.

"तुमच्या बकरीनं माझं पोलकं खाल्लं!"

"कुंपनावर काऊन वाळू घातलं?" ती म्हणाली. "तिले का मालूम ते पोलकं आहे म्हनून?" मग बकरीच्या पोटाकडे बघून काळजीने म्हणाली, "कापूस आहे ना? पचून जाईन."

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी काटवलांनी, म्हणजे रानातल्या कर्टुल्यांनी, भरलेली टोपली ठेवलेली होती. पोलक्याबद्दल पुढे आम्ही दोघी कधी बोललो नाही.

मला दिवस गेले. बाळंतपणाला भाऊ माहेरी न्यायला येणार होता. पण त्या वर्षी नदी उतरायचं नाव घेईना, रस्ता बंद झाला आणि भाद्रपदात, त्याच क्वार्टरमध्ये, गावच्या सुईणीच्या हातून मला जुळं झालं. दोन्ही मुली. दोघी मिळून एका धडक्या बाळाएवढ्या.

पुढचे आठवडे मला आठवतात ते रागासकट. बाळंतिणीने सुखात असावं म्हणतात. मी सुखात नव्हते, मी संतापलेली होते. एकीला पाजून ठेवावं तर दुसरी उठे, आणि दुसरीच्या रडण्याने पहिली. दुपटी वाळत नसत, शेगडीवर धरावी तर धुराने डोळे चुरचुरत. मला पावसाचा राग येई. न आलेल्या भावाचा येई. सगळ्यांत जास्त यजमानांचा येई. ते आंघोळ करून, भांग पाडून, डबा घेऊन ऑफिसला जात आणि जाताना म्हणत, "जरा विश्रांती घे."

ऑफिसातल्या मोठ्या बाबूंच्या बाई बघायला आल्या. दोघींवरची दुपटी बाजूला करून त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन्ही मुलीच? अरेरे!"

दारात काठी आपटली. ही कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"काऊन अरेरे? मेलं का कोनी?"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. ही सरळ आत येऊन माझ्या बाजेशी बसली. "माह्या बकरीले दरसाली दोन होतेत. दोनी पाठी झाल्या त माह्या घरी दिवाळी असते. आन् हे बाई अरेरे म्हनून राह्यली!" पाठी म्हणजे बकरीची मादी पिल्लं. आमच्या मुलींची तिने तीच नावं ठेवली. मोठी पाठ, लहान पाठ.

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. मी बोलावलं नव्हतं. अंगाला बकऱ्यांचा वास, हातात काठी. एकीला उचलून मांडीवर घ्यायची आणि भिंतीला टेकून गप्प बसायची. मी चिडचिड केली तर समजूत घालत नसे. एकदा मी दुपट्यांचा गठ्ठा भिंतीवर फेकला आणि ओक्साबोक्शी रडले. तिने तो गठ्ठा उचलून पुन्हा घड्या घातल्या. "राग आला त येऊ दे, पोरी," ती म्हणाली. "त्याले बसू दे तिकडं. आपन आपलं काम करू." मला तेव्हा एवढं बरं वाटेल असं दुसरं कुणीच काही बोललं नव्हतं.

मला दूध दोघींपुरतं येत नव्हतं. मोठी ओढून घेई, लहान मागे पडे. एके दिवशी दुपारी ती लहानीला मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ बघत राहिली आणि एकदम ओरडली, "हे पोरगी रडत काऊन नाई?"

मी म्हटलं, "झोपलीय."

"हे झोप नाई. हे थकली."

ती उठली, बाहेर गेली आणि एक लाल बकरी कानाला धरून आमच्या अंगणात घेऊन आली. तिथेच धार काढली. पाणी घालून दूध उकळलं, निववलं आणि बोंडल्याने थेंब थेंब लहानीच्या तोंडात सोडलं. मी विचारलं, "चालेल ना हिला?"

"मले का मालूम?" ती म्हणाली. "आई मेलेल्या पिल्लाले देतो तसं देऊन राह्यली. आता तूच सांग, दुसरं का आहे आपल्यापाशी?"

दुसरं काहीच नव्हतं. लहानीने ते पोटात ठेवलं. दोन-तीन दिवसांनी ती चांगली टाहो फोडून रडली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

आता कुणाला बोंडलं दिलं आणि कुणाला नाही, यात घोटाळा होऊ लागला, म्हणून तिने लहानीच्या पायात काळा दोरा बांधला. संध्याकाळी यजमानांनी पाहिलं, एकीच्याच पायात दोरा आहे. दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल असं समजून त्यांनी प्रेमाने दुसरीच्याही पायात बांधला. सकाळी तिने चार पाय उलटसुलट करून पाहिले. "हा बाबू ऑफिसातले कागदं बी असेच बांधते का?" यजमान वर्तमानपत्रामागून बाहेर आले नाहीत.

पाऊस उघडला. रस्ते सुरू झाले आणि रस्त्यांबरोबर दौरे. ऑफिसचे मोठे साहेब सरकारी बंगल्यावर मुक्कामाला आले. तेव्हा साहेबांचा मुक्काम म्हणजे काय असे, हे त्या भागात राहिलेल्यांना सांगायला नको. इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, पण चपराशी तसाच घरोघर फिरे. एकाकडून कोंबडी, दुसऱ्याकडून अंडी, तिसऱ्याकडून दूध. कुणी देत नव्हतं म्हणता येणार नाही आणि कुणी दिलं असंही म्हणता येणार नाही. ते जाई.

चपराशी तिच्या कोठ्याशी आला तेव्हा मी मागच्या दारात बसले होते.

"उद्यापासून सारं दूध बंगल्यावर."

"काऊन?"

"साहेबाले चहा लागते."

"मंग पिऊ दे ना. कोन नाई म्हनते?"

"दूध लागते वो चहात!"

"साहेब का पाळन्यात आहे?" ती म्हणाली. "इथी दोन पोरी पाळन्यात आहेत. हे त्यायचं दूध आहे. जा."

"साऱ्या गावानं देल्लं. तू एकटी नाई म्हनते?"

"हो."

तो चिडला नाही. बकऱ्यांकडे बघत उभा राहिला. "चराईले कुठी जातेत ह्या?" एवढंच विचारून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकऱ्या तळ्याकडे निघाल्या त्या परत आल्याच नाहीत. राखीव जंगलात शिरल्या म्हणून गार्डाने हाकून कोंडवाड्यात घातल्या होत्या. कोठ्यात मागे राहिलेली करडं ओरडत होती. आमच्या घरात लहान ओरडत होती. साहेबांच्या हुकमाशिवाय बकऱ्या सुटणार नाहीत, असं तिला सांगण्यात आलं. आणि त्यांची धार काढून चपराशी दूध बंगल्यावर नेत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी यजमानांना म्हटलं, "तुम्ही साहेबांशी बोला."

ते म्हणाले, "माझ्याच ऑफिसचा मामला आहे. मी कसा बोलू? चार दिवसांत जातील साहेब."

"चार दिवस ही काय पिणार?"

त्यांनी लहानीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि चपला घातल्या. माझे यजमान भले गृहस्थ होते. सगळे तसं म्हणतात, मीही म्हणते. पण त्या सकाळचा त्यांचा तो भलेपणा मी अजून विसरलेले नाही.

माझा सव्वा महिना व्हायचा होता. मी डोक्याला फडकं गुंडाळलं, दोघींना लुगड्याच्या तुकड्यात घेतलं आणि बाहेर पडले. बायका दारांतून बघत राहिल्या. कोंडवाड्याशी ती उभी होती. आवारात बकऱ्या तिला बघून कुडाशी गर्दी करत होत्या आणि ही कुडातून हात घालून एकेकीचं कपाळ खाजवत होती. मला पाहिल्यावर पहिला शब्द, "लहान पाठ कशी आहे?"

"चला," मी म्हटलं. मोठीला तिच्याकडे दिलं आणि आम्ही बंगल्यावर गेलो.

चपराश्याने फाटकाशी अडवलं. मला नाही, तिला. "तू इथीच थांब. बाईसाहेब, तुम्ही जा." ती थांबली. मोठीला छातीशी धरून, काठी टेकून, उन्हात.

साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. मऊ आवाजाचा, डोक्यावरचे केस गेलेला माणूस. मला बघून ते गडबडून उठले. "अहो, ओल्या बाळंतीण तुम्ही. बसा, बसा."

मी बसले नाही. लहानीला त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"तुमच्या चहातलं दूध हिचं आहे," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं.

साहेबांनी कप दूर सारला. "मला कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. त्यांनी लगेच चपराश्याला हाक मारली, बकऱ्या सोडायला लावल्या आणि मला द्यायला आतून दुधाच्या पावडरीचा डबा मागवला. डबा भरलेला होता. त्यांच्या सामानात तो पहिल्या दिवसापासून होता. ताज्या दुधाचा चहा बरा लागतो, एवढ्यासाठी तो फोडला नव्हता. मला त्या मऊ आवाजाचा जेवढा राग आला तेवढा चपराश्याचाही आला नाही. रोज समोर दूध येतं, ते कुठून येतं हे या माणसाला कधी विचारावंसं वाटलं नाही!

बकऱ्या सुटल्या. लहानीला दूध मिळालं. साहेब जाताना यजमानांना हसून म्हणाले म्हणे, "तुमच्या मिसेस धीट आहेत हो!" यजमान ते पुढे चार लोकांना सांगत. गावातल्या बायकाही माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागल्या.

आणि तिचं काय झालं ते ऐका. साहेब गेल्यावर गार्ड रोज तिच्या मागे लागला. बकऱ्या तळ्याकाठी दिसल्या तरी हाकायचा, रस्त्यावर दिसल्या तरी हाकायचा. धान कापलेल्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, लोक तिच्या बकऱ्या बसवून घेत, खत होतं म्हणून. त्यांनी एकेकाने तोंड फिरवलं. त्यांनाही लाकूडफाटा जंगलातूनच आणायचा होता. मग एके दिवशी ती लाल बकरी पाय मोडलेली सापडली. कोणी मोडला ते कोणाला दिसलं नाही.

मी संतापून म्हटलं, "मी पुन्हा लिहिते साहेबांना."

ती पायाला बांबूची कामटी बांधत होती. हसली. "नको, पोरी. तू बोलली त धीट. मी बोलली त माजली."

मी खाली बसले आणि बकरीचा पाय धरून ठेवला.

थंडी पडू लागली तेव्हा ती लेकीकडे जायला निघाली. सकाळी कुंपणाशी आली. मी दोघींना उन्हात तेल लावत होते. तिने बांबूंमधून हात घातला, दोघींच्या मांड्या चिमटीत धरून पाहिल्या. "भरून राह्यल्या," म्हणाली. माझे डोळे भरून आले तशी ओरडली, "रडू नको. दूध आटन." लाल बकरी तिने खांद्यावर घेतली होती. बाकीच्या तिच्यामागे ओळीने आरमोरीच्या रस्त्याला लागल्या. वळणावर तिने मागे पाहिलं नाही.

त्याच संध्याकाळी चपराशी दारात आला. हातात लोटा. हल्ली तो मला वाकून नमस्कार करी.

"बाईसाहेब, पोरींसाठी दूध आनलं."

"कुणाच्या घरचं?"

"असन कोनाचं तरी."

त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. मी दोघींना यजमानांच्या मांडीवर दिलं, लोटा घेतला आणि म्हटलं, "चल. घर दाखव." तो पुढे, मी मागे, अशी आमची वरात अर्ध्या गावातून गेली. एका घरापुढे तो थांबला. कडेवर पोर घेतलेली एक बाई बाहेर आली. तिने लोट्याकडे पाहिलं, चपराश्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला नाही. मी लोटा तिच्या ओट्यावर ठेवला आणि परत फिरले.

घरी दोघी रडत होत्या. यजमान एकीला थोपटत होते आणि दुसरीकडे बघत होते. मी दोघींना घेऊन मागच्या दारात बसले. कुंपणापलीकडे कोठ्याचं दार सताड उघडं होतं. आत थोड्या लेंड्या होत्या, एक पालथं मडकं होतं. ओरडायला एक करडूही उरलं नव्हतं.