सुमनचा अर्धा दात

आटगाव स्टेशनवर उतरले तेव्हा पिशवीत दात कोरायचं बॅटरीवरचं ड्रिल होतं. माझ्या नणंदेनं, सुमननं, पत्र पाठवलं होतं: ‘वयनी (वहिनी), पोरीचं लगीन आलं. पुढचा दात तपकिरी पडलाय. फोटोच्या आधी पांढरा करून दे.’ मागणी एवढीशीच. पण तो अर्धा दात माझ्या नवऱ्यानं, तोही दातांचाच डॉक्टर, बसवला होता आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. ऐनाच्या झाडाच्या सालीवरचं त्याचं काम त्या एका दाताखेरीज कुठंच उरलं नव्हतं.

तानसा तलावाकडे, सुमनच्या गावी जाणारी रिक्षा चढावर बंद पडली.

“उतरा बाय, जरा ढकला,” रिक्षावाला म्हणाला.

“अहो, डॉक्टरीण आहे मी!”

“मग हिची नाडी बघा!”

ढकलली, काय करते! दोन्ही बाजूंना भेगाळलेल्या सालीचे ऐन उभे होते. माझे सासरे ही साल उकळून तिच्या पाण्यात पागाचं (फेकायच्या जाळ्याचं) सूत मुरवायचे, मग ते कुजायचं नाही. दात कोरला की आतही बारीक तंतूंचं जाळं उघडं पडतं. भरलेलं त्यालाच धरून राहतं आणि ते जाळं कुजलं की सगळं सुटतं. ‘बाबांचा पाग कुजत नाही, मग हे का कुजावं?’ म्हणत नवऱ्यानं सालीतलं तुरट द्रव्य काढायचा ध्यास घेतला. माझी पातेली काळी केली. मी कितीदा भांडले! आज भांडायला तरी तो हवा होता.

ते द्रव्य पहिल्यांदा लावून घ्यायला सुमनच बसली. लहानपणी त्याच्याच विटीनं तिचा दात अर्धा उडाला होता. “दादा, तूच मोडलास, तूच जोड,” म्हणाली होती.

पोचल्या पोचल्या तिनं तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं पुढं ठेवलं. “आधी जेव गो, दात कुठं पळतोय!” कोपऱ्यात नायलॉनचं जाळं पडलं होतं. साल आता कुणी उकळत नाही.

मग ओटीवर उन्हात तिनं तोंड उघडलं. सांध्यावर सालीचाच तपकिरी रंग चढला होता. मी कडेनं सुई फिरवली. सैल असता तर माझं काम सोपं होतं. सुई कुठंच अडकली नाही, फटच नव्हती.

“धरलंय रे, अजून धरलंय,” नवऱ्याला सांगावं तसं माझ्या तोंडून निघून गेलं.

ड्रिल हातात होतं, हात पुढं जाईना. सुमननं ओठ मिटले.

“ठेव ती मशीन. फोटोत तोंड मिटून बसन मी.”

“अगं, पोरीचं लग्न आहे तुझ्या!”

“मग? तिचा मामा नको का लग्नाला?”

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ड्रिल तसंच पिशवीतून परत आलं.

महिन्यानं लग्नाला पुन्हा गेले. फोटोवाला “हसा” म्हणाला आणि तोंड मिटून बसणारी ही बाई खदखदून हसली. धुऊन आलेल्या फोटोत ती तपकिरी रेघ स्पष्ट दिसते. तो मी दवाखान्यात लावलाय. पेशंट विचारतात, घरातल्याच बाईचा दात बदलला का नाही?

मी सांगते, तो अजून सुटलेला नाही.